सहा सेकंदांपूर्वीचं पाणी

मामीचा फोन आला तेव्हा मी भात गॅसवर ठेवून लॅपटॉपसमोर बसले होते. मामी सहसा फोन करत नाही. केलाच तर आधी पावसाची चौकशी, मग माझ्या आईची तब्येत, मग मुद्दा, अशी तिची रीत. त्या दिवशी तिनं सरळ सांगितलं, "लाँच वाळूवर चढली गो. मामाचा हात मोडलाय. दापोलीला दवाखान्यात आणलाय. बाकी सगळी धड हायत."

मी काय विचारलं ते आता आठवत नाही. तिचं उत्तर आठवतं. "खाडीच्या तोंडाशी. पाणी हाय असा वाटला त्याला. तुझ्या त्या डब्यावर दोन वाव दाखवत होता ना."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मामानं तिला जसं सांगितलं तसं तिनं मला सांगितलं, एवढंच. पण फोन ठेवल्यावर मी तशीच बसून राहिले आणि भात खाली लागल्याचा वास आला तेव्हाच उठले.

तो डबा खरंच माझा होता. म्हणजे आमच्या कंपनीचा. पुण्याजवळची छोटी कंपनी, सगळी मिळून अकरा माणसं. मासेमारीच्या लाँचवर बसवायचं एक यंत्र आम्ही तयार केलं होतं: पाण्याची खोली, इंजिनाचं तापमान आणि आपण कुठे आहोत त्याचा नकाशा, सगळं एका पडद्यावर. लग्नानंतर मी खेडला आले आणि घरूनच काम करू लागले, त्याला पाच वर्षं झाली. माझं आजोळ बुरोंडीचं. मामा तिथला तांडेल, म्हणजे लाँच चालवणारा आणि पाण्यावर सगळे निर्णय घेणारा माणूस, लाँचही त्याचीच. यंत्राची चाचणी घ्यायला लाँच हव्या होत्या तेव्हा मीच त्याच्या मागे लागले. तो आधी नाही म्हणाला, मग म्हणाला, "तू केलायस ना, मगे बसव." त्याचं बघून बुरोंडी आणि आजूबाजूच्या बंदरांतल्या आणखी तेरा लाँचवर ते बसलं. खोली मीटरमध्ये नको, वावात दाखव, हेही त्यानंच सांगितलेलं. दोन्ही हात पसरले की जेवढं अंतर होतं तो एक वाव, साधारण सहा फूट.

त्याच दुपारी मी एस.टी.नं दापोलीला गेले. गणपती होऊन मुंबईची माणसं परतली होती, त्यामुळे गाडी बरीच रिकामी होती. सगळा रस्ताभर मी मनात यंत्राचे भाग उघडून बघत होते. पाण्यात ध्वनी सोडणारा सेन्सर सैल झाला असेल. वायरीत पाणी गेलं असेल. हे माझे भाग नव्हते. दर वळणाला मी असा एक भाग शोधत होते, जो माझा नव्हता.

मामा खाटेवर टेकून बसला होता. डावा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. कपाळावर एक खरचटलेली रेघ. मला बघून म्हणाला, "काय गो बाय, एवढ्या घाईत कशाला आलीस? मी काय मेलोय?"

"काय झालं ते नीट सांग."

"सांगायचा काय. आत येत होतो. ओहोटी सरत आली होती. तोंडाशीच इंजिन बसला. परत चालू केला. तुझा डबा काळा झाला, आणि मगे तो साधा आकडा आला."

"साधा म्हणजे? नकाशा नव्हता?"

"नाय. नुसता आकडा. मोठा, पांढरा."

 तो आकडा कुठून येतो हे त्या दवाखान्यात मला एकटीलाच ठाऊक होतं.

यंत्र चालू केलं की सगळ्यात आधी एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो. त्याला बूटलोडर म्हणतात. त्याचं काम एवढंच, की आपली मेमरी ठीक आहे का बघायचं आणि मग मुख्य प्रोग्रॅमला उठवायचं. पण इंजिनाचा स्टार्टर फिरवला की लाँचच्या बॅटरीचा विजेचा दाब एकदम घटतो, आणि कधी कधी मुख्य प्रोग्रॅम उठतच नाही. तांडेलासमोर काळा पडदा राहतो. तीन वर्षांपूर्वी मला सुचलं, की अशा वेळी बूटलोडरनं स्वतःच सेन्सरला विचारावं आणि निदान पाण्याची खोली तरी मोठ्या आकड्यात दाखवावी. कुणी सांगितलं नव्हतं. मी आपणहून लिहिलं आणि मीटिंगमध्ये दाखवलं तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं. त्या पडद्याचा मला अभिमान होता. जिच्या घरातली माणसं पाण्यावर जातात तिलाच असलं सुचणार, असंही कुणी म्हणालं होतं.

"आकडा बदलत होता?" मी मामाला विचारलं.

"बदलत होता की. साडेतीन, तीन, अडीच. जरा दमानं."

"दमानं म्हणजे कसा?"

त्यानं विचार केला. "म्हातारा माणूस जिना उतरतो तसा. एक पायरी, थांबला. परत एक पायरी, थांबला. दोन आला तेव्हा मी म्हटला, दोन वाव हाय, जाऊया. आणि बसली धाडकन. मी केबिनच्या चौकटीवर आपटलो."

भरतीच्या पाण्यानं लाँच दोन तासांनी आपोआप उचलली होती. खालची एक फळी उकलली होती. लाटेनं ती आडवी करून उलटवली असती तर काय, हे त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पाच माणसं होती लाँचवर.

मामीनं यंत्र काढून आणलं होतं, जुन्या साडीत गुंडाळून. ते मांडीवर घेऊन मी संध्याकाळच्या गाडीनं खेडला परतले.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. सकाळीच मी यंत्र टेबलावर मांडलं, सेन्सरच्या जागी खोटी खोली पुरवणारं सर्किट जोडलं आणि मुद्दाम मुख्य प्रोग्रॅम काढून टाकला, म्हणजे साधा आकडा येईल. माझा नवरा शाळेत शिकवतो. त्याला शाळेत जायच्या आधी मी फोनवर संथ गतीचा व्हिडिओ घ्यायला लावला. मी बटण दाबून खोली तीनवरून दोनवर आणली, की सर्किटावरचा लाल दिवा लागायचा. मग पडद्यावर दोन कधी येतात ते बघायचं.

लाल दिवा लागला. पडद्यावर तीनच. मग वरून खाली पडदा काळा होत गेला, मग आमच्या कंपनीचं निळं चिन्ह उमटलं, मग आकड्याचा वरचा भाग, मग खालचा. नवऱ्यानं मोजलं. "तीन सेकंद."

"परत घे."

पुन्हा तीन. आणि नवा आकडा रंगवून पुरा झाला, की तो पुढचा आकडा रंगवून होईपर्यंत तिथेच. म्हणजे आणखी तीन. अगदी वाईट वेळ सापडली तर तांडेल जे बघत होता ते सहा सेकंदांपूर्वीचं पाणी होतं. खाडीत शिरताना लाँच कितीही हळू घेतली, तरी सहा सेकंदांत ती आपल्या लांबीएवढी पुढे जाते.

मी कोड उघडला. आकडा रंगवणारं फंक्शन माझंच. वरती, रोमन लिपीतल्या मराठीत, मीच लिहिलेली ओळ: सध्या चालेल, वेग नंतर बघू.

ही ओळ मी नवऱ्याला दाखवली नाही. तो गेल्यावर बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. ती कधी लिहिली ते आठवत होतं. टेबलावर चाचणी घेताना बटण फिरवलं, आकडा बदलला, छान, असं म्हणून मी चहा करायला उठले होते. टेबल पुढे सरकत नाही.

पुण्याला आमची टीम लीड आहे. वयानं माझ्याहून लहान, कामात कडक. तिला मी सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आधी दुरुस्ती कर. आपल्याला नक्की कारण कळल्याशिवाय ग्राहकांना काही कळवायला नको. सोमवारी बोलू."

"तेरा लाँच पाण्यावर आहेत."

"साधा पडदा रोज थोडाच येतो? गेल्या वर्षात किती वेळा आला असेल?"

ते मला ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

मग काम सुरू करायचं तर हात चालेनात. कोडची एक ओळ वाचायची आणि फोनवर भरती-ओहोटीची वेळ बघायची. दुपारी बारा वाजून गेल्यावर ओहोटी लागणार होती. त्याच सुमारास लाँच आत यायला लागतात. मी उठून पाणी प्यायले. खिडकीतून दिसणाऱ्या माडाच्या झावळ्या किती हलतायत ते बघितलं, जणू खेडच्या वाऱ्यावरून मला समुद्राचं कळणार होतं. फोन वाजला तेव्हा तो हातातून पडला. गॅस सिलिंडरवाला होता.

अकराच्या सुमाराला मी मामाला फोन लावला.

"मामा, ज्यांच्या ज्यांच्याकडे डबा आहे त्यांना सांग. साधा पांढरा आकडा आला, तर त्यावर जायचं नाही. तो मागे असतो."

"मागे म्हणजे?"

"आता किती पाणी आहे ते दाखवत नाही. मघाशी किती होतं ते दाखवतो."

 मग तो म्हणाला, "असा काय. बरा. सांगतो." त्यानं पुढे काहीच विचारलं नाही, आणि तेच मला सोसेना.

लीडलाही मी लगेच कळवलं, की मी सांगून टाकलंय. ती म्हणाली, "बरं केलंस असं मी म्हणणार नाही." आणि लगेच, "यादी पाठव. मीही एकेकाला फोन करते." तासाभरात तिचा मेसेज आला, की तेरातल्या अकरा जणांशी बोलणं झालं. उरलेले दोघे पाण्यावर होते. ते संध्याकाळी सुखरूप आत आल्याचं मामानंच कळवलं. त्या दिवशी मी कोडला हातही लावला नव्हता.

शनिवारी सकाळपासून बसले. चूक एक नव्हती, थरांवर थर होते. पडदा लाखो ठिपक्यांचा असतो आणि माझा कोड एकेक ठिपका वेगळा रंगवत होता. प्रत्येक ठिपक्याआधी विचारायचा, हा पडद्याच्या आत आहे ना? मग पुढचा. तोही आत आहे ना? भिंत रंगवताना दर फटकाऱ्याला शिडीवरून खाली उतरून भिंत अजून तिथेच आहे का बघावं, तसं. शिवाय आकडा बदलला, की मी सगळा पडदा पुसत होते आणि कंपनीचं चिन्ह नव्यानं काढत होते, कारण लिहायला तेच सोपं होतं.

सगळ्यात वाईट गोष्ट शोधायला दुपार झाली. आकड्याच्या कडा गुळगुळीत दिसाव्यात म्हणून मी पांढरा रंग मागच्या रंगात थोडा मिसळत होते. त्यासाठी मागचा रंग कोणता हे पडद्याच्या मेमरीतून वाचत होते. त्या मेमरीत लिहिणं जलद होतं, पण तिच्यातून वाचणं भयंकर संथ. दर ठिपक्याला प्रोसेसर उत्तराची वाट बघत उभा. निम्म्याहून जास्त वेळ तिथे जात होता. आकडा सुंदर दिसावा म्हणून.

मी पडद्याची एक प्रत साध्या मेमरीत ठेवली. वाचायचं असेल तर त्या प्रतीतून, पडद्यातून कधीच नाही. रंगवायचं तेही प्रतीवर, आणि मग पुरी ओळच्या ओळ एकदम पडद्याकडे पाठवायची. पडद्याच्या आत आहे का, हे सुरुवातीला एकदाच विचारायचं. आणि आकडा बदलला, तर फक्त आकड्याचा चौकोन बदलायचा. चिन्हाला हात लावायचा नाही. एवढं करूनही मन भरेना. मग आकड्यांच्या त्या चौकोनासाठी प्रोसेसरची कॅश चालू केली. कॅश म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेली छोटी जलद मेमरी. तो तिच्यात लिहितो आणि सवडीनं खऱ्या जागी पोचवतो.

रविवारी दुपारी बटण दाबलं. लाल दिवा लागला आणि आकडा बदलला. दोन्हींमध्ये डोळ्याला अंतरच दिसेना. संथ व्हिडिओ घेतला, तर एका सेकंदाचा पंधरावा भागही लागत नव्हता. मी एकटीच होते घरात. खुर्चीत मागे टेकून रडले. तीन दिवसांनी पोटभर जेवले. नवरा बाजारातून आला तेव्हा त्याला बसवून दाखवलं. मी बटण दाबत गेले आणि तो आकडे वाचत गेला. "पाच. चार. चार पॉइंट पाच. आठ. आठ. दोन..."

"दुसरं आठ नाही. तीन."

"आठ होतं."

"मी तीन पाठवलं होतं. त्याआधी आठ होतं."

"मग मी चुकून वाचलं असेन," तो म्हणाला.

मला ते फार मान्य करावंसं वाटलं. पण मी पुन्हा दाबत बसले. आठ, तीन. आठ, तीन. पन्नास वेळा ठीक. साठ वेळा ठीक. त्याच्यानंतर कधीतरी मी स्वतः बघितलं: आठ गेले, तीन आले आणि तिनाच्या डाव्या बाजूला आधीच्या आठाची कड तशीच राहिली. इंग्रजी आकड्यात तीन आणि आठ यांच्यात फरक तेवढाच असतो. पडद्यावर स्वच्छ, पांढरा, ठळक आठ होता. खाली पाणी तीन वाव. दोनेक क्षणांनी कड गेली आणि तीन दिसले.

उशिरा दाखवणारं यंत्र मी चुकीचं दाखवणारं करून ठेवलं होतं. तेही जलद. संथ आकड्याचा माणसाला संशय तरी येतो. हा आठ बघून कुणालाही संशय आला नसता. मी तो कोड मंगळवारी पाठवणार होते, तसा लीडला मेसेजही केला होता. नवरा स्टुलावर बसून आकडे वाचत नसता, तर गेलाच असता.

कारण मग सोपं निघालं, पण ते शोधताना मला दोनदा उठून तोंड धुवावं लागलं. कॅशमधला मजकूर पडद्याकडे पोचव, असा हुकूम द्यावा लागतो आणि तो ठरावीक मापाच्या तुकड्यांत चालतो. आकड्याची डावी कड एका तुकड्याच्या मध्येच सुरू होत होती. माझा हिशेब त्या तुकड्याच्या आधीपासून सुरू व्हायला हवा होता. तो पुढच्या तुकड्यापासून सुरू होत होता. डावी कड मागे राहायची आणि कधीतरी आपल्या सवडीनं पोचायची. अधिक-उण्याच्या एका चिन्हाची चूक. मी सुधारली आणि मग सोमवार-मंगळवार दोन्ही दिवस यंत्र स्वतःच आकडे बदलत राहील आणि कॅमेरा ते वाचून ताडून बघेल, अशी व्यवस्था केली. एकही आकडा चुकला नाही. तरी जेवताना, भांडी घासताना मी मधेच जाऊन पडद्यासमोर उभी राहायचे.

लीडला मी सगळं सांगितलं, आठाचंही. आणि एक गोष्ट मागितली: सेन्सरकडून शेवटचा आकडा येऊन एक सेकंद झाला, तर आकडा पुसून टाकायचा आणि नुसत्या दोन आडव्या रेघा दाखवायच्या.

ती म्हणाली, "लोक म्हणतील, यंत्र बंद पडलं."

"म्हणू देत."

"विकणाऱ्यांना आवडणार नाही."

"मला ठाऊक नसेल तेव्हा मला ठाऊक नाही असं सांगता यायला पाहिजे," मी म्हटलं. यंत्राबद्दल बोलताना मी 'मला' म्हणाले, हे नंतर लक्षात आलं. ती हो म्हणाली, पण अट घातली, की एकदा पाण्यावर बघून ये. टेबलावर नाही.

लाँचची फळी बसवून व्हायला तीन आठवडे गेले. दसऱ्याच्या आधीच्या एका सकाळी आम्ही निघालो. सुकाणूवर मामाचा चुलतभाऊ, तोही तांडेल. मामाच्या गळ्यात हाताची झोळी; मामी नको म्हणत असताना तो आलाच. मी केबिनमध्ये यंत्रासमोर, साधा पडदा लावून. मामा लाँचच्या पुढच्या टोकाशी, नाळेवर बसला. त्याच्या उजव्या हातात शिशाचं वजन बांधलेली दोरी होती, तिला दर वावावर कापडाची चिंधी. ती पाण्यात सोडायची, वजन तळाला टेकलं की चिंध्या मोजायच्या.

खाडीचं तोंड जवळ आलं तसं पाणी आखूड आखूड उसळायला लागलं. मामानं दोरी टाकली. "साडेचार!"

"साडेचार," मी वाचलं.

"चार!"

"चार."

 एका हातानं मी यंत्राच्या खालची पट्टी घट्ट धरली होती. मामा दोरी ओढून घ्यायचा, एका हातानं, दातांत धरून, पुन्हा टाकायचा. "तीन!"

पडद्यावर तीन. डावी कड मी डोळे ताणून बघितली. तीनच होते.

"अडीच!" "अडीच." "दोन!" पडद्यावर एक पॉइंट नऊ.

"एक पॉइंट नऊ!" मी ओरडले.

मामानं वळून बघितलं, पुन्हा दोरी टाकली, चिंध्या बघितल्या. "होय. दोनाला जरा कमी." चुलतभावानं लाँच वळवून खोल पाण्यात घेतली. हे आम्ही सहा वेळा केलं. मध्ये मी सेन्सरची वायर उपटून बघितली. लगेच दोन आडव्या रेघा आल्या. चुलतभाऊ म्हणाला, "हे काय?" मी म्हटलं, "ह्याला आता काही ठाऊक नाही." तो म्हणाला, "बरा हाय की."

परत येताना मामा केबिनच्या दाराशी येऊन बसला. ओल्या दोरीची वेटोळी करत होता. मी त्याला विचारलं, हे विचारायला मी तीन आठवडे थांबले होते, "त्या दिवशी दोरी टाकली होतीस?"

"नाय."

मला हलकं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. क्षणभर. दोरी टाकली असती तर कळलं असतं. म्हणजे सगळं माझ्यावर नाही.

मग तो म्हणाला, "तोंडाशी दोरी टाकल्याशिवाय मी जन्मात कधी आत आलो नव्हतो. तुझा डबा बसल्यापासून सोडली. तू केलायस म्हटल्यावर परत कशाला मोजायचा?"

तो रागानं बोलत नव्हता. वेटोळं पुरं करून त्यानं ते खिळ्याला अडकवलं. मी पडद्याकडे बघत राहिले. तिथे सहा वाव दाखवत होतं आणि ते खरं होतं.

"परत सोडू नको," मी म्हटलं.

"नाय सोडत," तो म्हणाला.

पुढच्या आठवड्यात मी आणि लीड, दोघींनी मिळून चौदाही यंत्रांत, मामाच्याही, नवा बूटलोडर कायमचा घालायचं ठरवलं. ती पुण्याहून आली. एकेका लाँचवर छोट्या होडीतून जायचं, यंत्रात कार्ड घालायचं, चालू करून बघायचं, आणि तांडेलाला समोर बसवून सांगायचं, की आधी काय चुकत होतं. हे शेवटचं लीडनंच ठरवलं. पहिल्या माणसाला तिनं स्वतः सांगितलं, "आमचा आकडा मागे राहत होता. चूक आमची होती." मी तिच्याकडे बघितलं. ती बोट लागून पिवळी पडली होती, पण थांबली नाही.

बहुतेकांनी ऐकून घेतलं. एकानं चहा पाजला. एकजण म्हणाला, साधा पडदा त्याच्याकडे कधी आलाच नव्हता, आणि मला वाटलं, आला असेल आणि लक्षात आलं नसेल.

तेराव्या लाँचवरचा माणूस साठीच्या पुढचा होता. त्याचं यंत्र जागेवर होतं, पण वीज आणि सेन्सर दोन्हींची मागची वायर कापून तिचं टोक टेपनं बंद केलेलं. मामाचा निरोप मिळाला त्याच दिवशी त्यानं ती कापली होती.

"आता ठीक केलंय," मी म्हटलं. "जोडून देऊ?"

"नको."

"आम्ही पाण्यावर जाऊन ताडून बघितलंय. दोरी टाकून."

"बघितला असशील गो. मी नाय म्हणतो का?" तो जाळं सांधत होता, मान वर न करता बोलत होता. "एकदा मनात आला ना, की हा मघाचा आकडा दाखवतो, मगे दर वेळी बघताना तेच मनात येणार. आता बघतोय तो आताचा की मघाचा? तोंडाशी असल्यावर मला दुसरा विचार नको."

लीडनं माझ्याकडे बघितलं.  तो जे सांगत होता ते गेला महिनाभर माझ्याच घरात चाललं होतं. घड्याळ बघितलं, तरी हे आताचं का, असं मनात येत होतं.

"निदान नवीन प्रोग्रॅम घालून ठेवू?" लीडनं विचारलं. "कधी जोडावंसं वाटलं तर?"

त्यानं थोडा वेळ हातातल्या गाठीचं काम केलं. "घालून ठेव," तो म्हणाला. "वायर नको लावू."

बॅटरी आम्ही होडीतून आणली होती, तिच्यावर यंत्र चालू केलं. पडदा उजळला. सेन्सर जोडलेला नव्हता, म्हणून दोन आडव्या रेघा आल्या. मी कार्ड काढून घेतलं, यंत्र बंद केलं आणि टेप पुन्हा होता तसा दाबून बसवला. लीडनं वहीत त्या लाँचसमोर खूण केली, मग ती खोडली आणि बाजूला लिहिलं, जोडलेलं नाही.

आम्ही होडीत उतरलो. चौदावी लाँच जरा लांब, उत्तरेला उभी होती.